फार्महाउस, भजी आणि लाल रेघ

जूनचा दुसरा आठवडा उलटला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: या वीकेण्डला कुठे? लोणावळ्याला ट्रॅफिक, अलिबागला खर्च, म्हणून उत्तर बऱ्याचदा कर्जतवर येऊन थांबतं. कोणाच्या तरी चुलतभावाचं फार्महाउस असतं, पोशीरच्या आसपास. नेरळला उतरायचं, कळंबच्या रस्त्याला लागायचं, दोन्हीकडे भाताची खाचरं, समोर डोंगरावरून लोंबणारे ढग. रस्त्यात टपरीवर कांदाभजी आणि कटिंग. मग नदी दिसली की कोणीतरी ओरडतंच, "चल, उतरू या!"

बॅगेत काय काय असतं? स्पीकर, पॉवर बँक, मॅगी, पावसात घालायला सनग्लासेस (का, ते विचारू नका) आणि साइडच्या कप्प्यात एक स्ट्रिप. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. ग्रुपमध्ये एक जण तरी असतोच, ज्याची आई ती न विसरता ठेवते. पोट जरा गुरगुरलं की एक गोळी, सकाळी अजून एक, बरं वाटलं की बंद. उरलेली स्ट्रिप पुढच्या ट्रिपला. यातला एक घटक बॅक्टेरियासाठी, दुसरा मुख्यतः अमीबासाठी. आजार कुठला ते माहीत नाही, म्हणून दोन्ही एकदम. थोडक्यात, कॉम्बो मील.

या कॉम्बो मीलचा लोच्या काय आहे, ते समजून घ्यायला पोट कोणत्या वारी बिघडलं ते बघा. डॉक्टर लोकही हेच विचारतात, फक्त जरा गंभीर चेहऱ्याने.

समजा, शनिवारी दुपारी तुम्ही टपरीवर खाल्लंत, नदीत डुंबलात, दोन घोट पाणी नाकातोंडात गेलं. शनिवारी रात्रीच उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा बॅसिलस सिरीयसचं काम. पहिला माणसाच्या हातावरून, नाकातून अन्नात येतो. दुसरा सकाळी शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात वाढतो. फ्राइड राइसवाल्यांचा जुना मित्र. या दोघांनी विष आधीच अन्नात तयार करून ठेवलेलं असतं, म्हणून तर त्रास १ ते ६ तासांत सुरू होतो. आता अँटिबायोटिक मारणार कोणाला? विषाला ते मारत नाही. दिवसभरात गाडी आपोआप रुळावर येते.

रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, म्हणजे ऐन रिव्ह्यू मीटिंगच्या वेळी, तर संशयित नंबर एक ईटीईसी. हा ई. कोलायचाच एक प्रकार. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात सुखाने नांदतो. ईटीईसी मात्र आतड्याला असं विष देतो की आतडं पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर सोडायला लागतं. तीन-चार दिवस हाल होतात आणि मग तो जातो. गोळी घेतली नाही तरी जातो. गोळी घेतलेल्याला वाटतं, गोळीनेच गेला. ही सगळी सवय टिकून आहे ती या एका गैरसमजावर. शिवाय पावसाळी जुलाबांमागे नोरोव्हायरससारखे विषाणूही असतात आणि त्यांना तर अँटिबायोटिकचं काही देणंघेणंच नसतं.

मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान ताप, पोटात मुरडा आणि कधीकधी रक्त, असं काही निघालं तर कॅम्पिलोबॅक्टरचा विचार करावा लागतो. रक्ती आव जरा लवकर आली तर शिगेलाचा. शिगेला महा डेंजर. त्याचे १०-१०० जीव पोटात गेले तरी पुरे. कॅम्पिलोबॅक्टर हे नाव २०२५ पर्यंत आपल्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. मग जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात लोकांचे हातपाय लुळे पडायला लागले. गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजे बातम्यांमधला जीबीएस. रुग्ण २०० च्या वर गेले, काही जण दगावले. पुण्याच्या एनआयव्हीने तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला आणि चर्चा पाण्यावर येऊन ठेपली. या जंतूचं बाहेरचं आवरण आपल्या मज्जातंतूंवरच्या काही रेणूंसारखं दिसतं. शरीर जंतूशी लढायला अँटिबॉडी बनवतं आणि त्या चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतात. फार थोड्यांच्या बाबतीत होतं हे, पण होतं. तो पट्टाही तुमच्या-माझ्यासारख्यांचाच आहे: टू बीएचके, ईएमआय आणि सोसायटीत टँकर.

आता आपली ती स्ट्रिप या कॅम्पिलोबॅक्टरवर चालते का? नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन हे सगळे एकाच खानदानातले. बॅक्टेरियाच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, ते ही औषधं अडकवून ठेवतात. कॅम्पिलोबॅक्टरने त्या एन्झाइमच्या जीनमध्ये एक, फक्त एक बदल केला की औषध जवळजवळ निकामी. भारतात हा बदल झालेले कॅम्पिलोबॅक्टर आता सर्रास आहेत. हे नुसतं आपल्या गोळ्यांनी घडलं नाही, कोंबड्यांचाही हात आहे (म्हणजे पंख). कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात आरामात राहतो आणि जगभर पोल्ट्रीत याच खानदानातलं एन्रोफ्लॉक्सासिन वापरलं गेलं. अमेरिकेने २००५ साली पोल्ट्रीसाठी ते बंद केलं, कारण हेच. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर जनावरांसाठी बंदी आली. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतलं जवळपास शेवटचं हत्यार आणि ते कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात मिसळलं जात होतं. वाचून भूक मेली असेल तर सॉरी.

पण कॅम्पिलोबॅक्टरही बहुतेकांना आठवड्याभरात सोडून जातो. खरं टेन्शन त्या पाहुण्याचं, जो ट्रिप विसरल्यावर येतो.

टायफॉइड. आजीच्या भाषेत मुदतीचा ताप. सॅल्मोनेला टायफी पोटात गेल्यावर साधारण १ ते ३ आठवडे गप्प बसतो. फोटो अपलोड होऊन, लाइक्स येऊन, पुढच्या ट्रिपचा पोल सुरू झालेला असतो, तेव्हा ताप चढायला लागतो. रोज थोडा जास्त. जुलाब असतीलच असं नाही, उलट पोट साफ होत नाही. पोशीरची नदी कोणाला आठवतही नाही. आणि हा असा आजार आहे की इथे अँटिबायोटिक लागतंच. ते नसताना आतड्याला भोक पडू शकतं, माणूस जाऊ शकतो.

१९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि मुदतीच्या तापाची मुदत संपली असं वाटलं. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे कालिकतला त्या औषधाला दाद न देणाऱ्या टायफॉइडच्या साथी आल्या. ८०-९० च्या दशकात तीन-तीन जुनी औषधं एकदम फेल जायला लागली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन हिरो झालं. ते आपण सर्दीपासून जुलाबापर्यंत सगळ्याला खाल्लं आणि आज भारतातल्या बहुतेक टायफॉइडवर ते भरवशाचं राहिलेलं नाही. उरलं सेफट्रायाक्सोनचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन. तेच अझिथ्रोमायसिन, जे कोविडच्या काळात आपण चण्या-फुटाण्यासारखं खाल्लं. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफट्रायाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड आला. तिथे तोंडाने घ्यायच्या औषधांत मुख्यतः अझिथ्रोमायसिनच शिल्लक राहिलं. गंमत बघा, वापर कमी झाल्यामुळे आपल्याकडे जुनं क्लोरॅम्फेनिकॉल पुन्हा बऱ्याच टायफॉइडवर चालायला लागलंय. बेलबॉटम परत आली, तसं.

"पण मी दोनच तर गोळ्या घेतल्या, त्याने काय होतंय?" हा प्रश्न येणार, माहीत आहे.

दादरला भरलेली लोकल रिकामी होते ना, तसं समजा. गोळी पोटात गेली की आतड्यातले साधे बॅक्टेरिया उतरतात, म्हणजे मरतात. ज्यांना औषधाने फरक पडत नाही, ते राहतात आणि चौथ्या सीटवर टेकलेले आता पाय पसरून बसतात. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, तेव्हा जागा भरायला वेळ लागत नाही. वर त्यांच्याकडे प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी रिंग असते. औषधाला चकवायची युक्ती तिच्यावर लिहिलेली असते आणि ऑफिसात पेन ड्राइव्ह फिरावा तशी ती एका जातीच्या बॅक्टेरियाकडून दुसऱ्या जातीकडे फिरते. निरुपद्रवी ई. कोलायकडून शिगेलाकडेसुद्धा.

फिनलंडच्या डॉक्टरांनी ४३० प्रवाशांना तपासलं, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सेफट्रायाक्सोनसारख्या औषधांना न जुमानणारे बॅक्टेरिया किती जण पोटात घेऊन घरी परतले, हा प्रश्न होता. दक्षिण आशियात येऊन गेलेल्यांपैकी ज्यांचं पोट बिघडलं नाही आणि ज्यांनी अँटिबायोटिकही घेतलं नाही, त्यांच्यात २३ टक्के. पोट बिघडलं, पण अँटिबायोटिक घेतलं नाही, त्यांच्यात ४७ टक्के. पोट बिघडलं आणि अँटिबायोटिकही घेतलं, त्यांच्यात ८० टक्के. ते पाहुणे होते, दोन-चार आठवड्यांत परत गेले. आपण इथेच राहतो.

आणि आपल्या पोटातलं आपल्या पोटातच राहत नाही. फार्महाउसच्या सेप्टिक टँकचं पाणी कुठे मुरतं, हे आपण चेक-इन करताना विचारत नाही. स्विमिंग पूल आहे का, ते विचारतो. पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली ही शहरं उल्हासचं पाणी पितात. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोशीर नदीवरच्या धरणाला मंजुरी दिली, तीही महानगराची तहान भागवण्यासाठी. म्हणजे आज ज्या पाण्यात आपण डुंबतोय, ते उद्या आपल्याच प्युरिफायरमध्ये येऊ शकतं. नदीकाठच्या वाड्या-पाड्यांवर प्युरिफायर नाही. तिथल्या ठाकर, कातकरी घरातलं मूल तापाने फणफणलं की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या, स्वस्त गोळीवर बरं व्हायला हवं. ती गोळी चालेनाशी झाली तर आपल्याला फक्त इन्शुरन्सचा क्लेम भरायचा असतो. त्यांना दूरच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी शोधावी लागते आणि मजुरीही बुडते.

मग साइडच्या कप्प्यात ठेवायचं तरी काय? ओआरएस. बोअरिंग आहे, पण १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघा. टेट्रापॅकमधली गोड सरबतं 'ओआरएस' म्हणून खपत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने त्या नावालाच मनाई केली. पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, म्हणजे सहसा एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर जुलाब वाढतील.

शौचात रक्त, १०१ च्या वर ताप, पाणीही पोटात न ठरणं, लघवी जवळजवळ बंद होणं, यातलं काहीही असेल तर गुगल नको, डॉक्टर. जुलाब थांबवणारी गोळीही अशा वेळी घेऊ नका. ट्रिपनंतर तीन आठवड्यांत ताप आला आणि तीन-चार दिवस उतरला नाही, तर ट्रिपबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा आणि ब्लड कल्चर करायचं का ते विचारा. विडाल टेस्ट स्वस्त आहे, सगळीकडे होते आणि पुष्कळदा फसवते. कल्चरमध्ये कुठला जंतू आणि त्याच्यावर कुठलं औषध चालतं, दोन्ही कळतं. फक्त ते अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करायचं. कप्प्यातल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं आणि डॉक्टरही अंधारात.

टायफॉइडची लस आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी नव्या कॉन्जुगेट लशीची मोहीम काढली. सरकारी यंत्रणेने ही लस अशी देण्याची जगातली ही पहिली वेळ होती. पहिल्या टप्प्यात लाखावर मुलांना ती दिली गेली. मोठ्यांनाही घेता येते, एकच डोस. दर पावसाळ्यात ट्रेक आणि रोज ऑफिसखालची पाणीपुरी असं तुमचं रुटीन असेल तर डॉक्टरांशी बोलून टाका.

आणि ती स्ट्रिप घरात असेलच तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला एक उभी लाल रेघ दिसेल. प्रिस्क्रिप्शनशिवाय घ्यायचं औषध नव्हे, असा तिचा अर्थ. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यावर कॅम्पेनही काढलं होतं. आपण रेघ बघत नाही आणि बरेच केमिस्टही बघत नाहीत.

राहता राहिली भजी. कढईतून निथळून थेट तुमच्या प्लेटमध्ये पडत असतील तर बिनधास्त हाणा, उकळत्या तेलातून कोणी वाचत नाही. चहाही उकळलेला, त्यालाही पास. शेजारच्या वाडग्यातली हिरवी चटणी मात्र सकाळी कोणत्या पाण्यात वाटली, ते टपरीवाल्या काकांना एकदा विचारून बघा.