मेलंच नव्हतं, त्याचं पुनरुज्जीवन कसलं?



मराठी संगीत नाटकाचं 'पुनरुज्जीवन' झालं, ही बातमी आम्ही गेली कित्येक वर्षं ऐकतो आहोत. २०१० मध्ये 'कट्यार काळजात घुसली' नव्या संचात रंगमंचावर आलं. २०१५ मध्ये त्याचा चित्रपट झाला. २०२५च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' पडद्यावर आलं. दर वेळी पुण्या-मुंबईत एकच मजकूर छापून येतो: लोप पावलेली परंपरा परत आली, नवी पिढी नाट्यसंगीताकडे वळली.

याच सगळ्या वर्षांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत काय चाललं होतं? दिवाळी संपली, धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, शामियाने लागतात. रात्री दहाला नांदी होते आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. ऑर्गन असतो, तबला असतो, गाणारा नट असतो. वडसा देसाईगंजला कंपन्यांचे फलक ओळीने लागलेले असतात. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तिकीट लावतं, पाहुणे बोलावतं. होळीपर्यंत हे असंच चालतं. अनुदानाची वाट पाहत कोणी बसत नाही.

तेव्हा संगीत नाटक मेलं होतं असं जो लिहितो, तो नागपूरच्या पुढे कधी आलेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. स्वतःच्या पेठेतलं नाट्यगृह बंद पडलं की महाराष्ट्राची परंपरा लोपली, आणि ते उघडलं की परंपरा परतली! हा हिशोब आम्हाला मान्य नाही.

आमचं भांडण जुनं नाटक पुन्हा करण्याशी नाही. जुनं नाटक पुन्हा व्हावं, जरूर व्हावं. आमचं भांडण त्याच्यावर लिहिणाऱ्यांशी आहे, त्याच्यासाठी जीव टाकणाऱ्या चाहत्यांशी आहे, आणि 'हा आपला विषय नाही' म्हणून पाठ फिरवणाऱ्या आमच्याच माणसांशीही आहे.

समीक्षकाचे तीन प्रश्न

पुनरुज्जीवित संगीत नाटकाचं परीक्षण काढून वाचा. समीक्षक तीनच प्रश्न विचारतो. आवाज जुन्यासारखा लागला का? पाच तासांचं नाटक अडीच तासांत नीट बसवलं का? तरुण प्रेक्षक आला का? चाहत्याचा तर एकच प्रश्न असतो: मूळ चालीला हात तर नाही ना लावला?

हे नाटक आज काय सांगतं, कोणाला सांगतं, त्यात कोणाला बोलायला जागा आहे आणि कोणाला नाही, हे प्रश्न त्या यादीत नसतात. ते विचारले की तुम्ही 'रसिक' उरत नाही, तुम्ही 'जातीचं राजकारण' करता.

'कट्यार'चंच घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, म्हणजे आमच्याच विदर्भाचे. १९६७ साली हे नाटक आलं, जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब. २०१० मध्ये त्याच भूमिकेत त्यांचा नातू राहुल देशपांडे उभा राहिला, आणि सगळी चर्चा आजोबा-नातवाच्या तुलनेत आटली. तान तशीच पडली का, आजोबांची आठवण झाली का, एवढंच.

पण नाटकाचा विषय काय आहे? विद्या. घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायची नाही म्हणून खाँसाहेब दार लावून घेतो. सदाशिव नावाचा तरुण ती लपून, चोरून ऐकत शिकतो. राजदरबारची कट्यार अशी की तिने केलेला एक खून माफ. विद्या कोंडून ठेवणं आणि चोरून शिकणाऱ्यावर शस्त्र उगारणं, ही गोष्ट या देशात कोणाच्या काळजात सर्वात खोल घुसायला हवी? शंबुकाच्या वारसांच्या. एकलव्याच्या वारसांच्या. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही आणि फारसी घ्यावी लागली, त्यांच्या लेकरांच्या. इतक्या प्रयोगांवर इतकं लिहून झालं, त्यातली किती परीक्षणं या वाटेने गेली? आमच्या वाचनात तरी असं एक आलेलं नाही.

आणि पुढचं टोचणारं आहे. नाटकात विद्येच्या दाराला कुलूप लावतो तो मुसलमान उस्ताद, आणि दाराबाहेर तिष्ठत उभा असतो हिंदू तरुण. संगीताच्या इतिहासात उस्तादांनी विद्या राखून ठेवल्याच्या गोष्टी आहेत, आम्ही नाकारत नाही. पण याच महाराष्ट्रात अब्दुल करीम खाँनी सवाई गंधर्वांना शिकवलं. अल्लादिया खाँनी भास्करबुवा बखल्यांना शिकवलं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कलावंत समाजातल्या बायका. ज्यांना प्रतिष्ठित समाज उंबऱ्याबाहेर ठेवत होता, त्यांच्या हाती अल्लादिया खाँनी आपली गायकी दिली. हजारो वर्षं वेदाला, अक्षराला, पाण्याला कुलूप घालणारे वेगळेच होते. दारव्हेकरांचा खाँसाहेब सरधोपट खलनायक नाही, त्याला मन आहे, शेवटी तो विरघळतोही. पण कुलपाची किल्ली नाटकाने कोणाच्या कमरेला लावली, हे पाहणं समीक्षकाचं काम होतं. ते त्याने केलं नाही. तो दाद देण्यात गुंतला होता.

तिकडे काय झालं

असे प्रश्न विचारल्याने कला मरते, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी न्यूयॉर्कची गोष्ट.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'शो बोट' हे संगीत नाटक उघडलं. मिसिसिपी नदीवरच्या नाटकाच्या बोटीची ही गोष्ट, त्यात राबणारे काळे हमालही आहेत. लिहिणारे गोरे. सुरुवातीच्याच गाण्यात काळ्या माणसासाठी शिवीचा शब्द होता. पुढच्या आवृत्त्यांत तो बदलावा लागला. १९९३ साली टोरांटोत हे नाटक मोठ्या थाटात पुन्हा उभं राहिलं तेव्हा तिथला काळा समाज रस्त्यावर उतरला. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या दुःखावर तुम्ही गोड चाली लावता आणि तिकीट विकता. नाटक बंद पडलं नाही. ते ब्रॉडवेवर गेलं, बक्षिसंही मिळाली. पण त्यानंतर 'शो बोट'वर लिहिणाऱ्याला तो निषेध टाळून पुढे जाणं अवघड झालं.

दुसरी गोष्ट 'पोर्गी अँड बेस'ची. १९३५ची ही संगीतिका काळ्या वस्तीवर आहे, आणि तीही गोऱ्यांनी लिहिलेली. २०११ मध्ये सुझन-लोरी पार्क्स या काळ्या नाटककर्तीने नव्या प्रयोगासाठी तिची संहिता हाती घेतली. पात्रांना अधिक माणूसपण द्यायचं, शेवटही बदलून पाहायचा, असा विचार होता. स्टीफन सॉन्डहाइम या तिथल्या सर्वात मानाच्या संगीतकाराने प्रयोग पाहण्याआधीच वर्तमानपत्राला खरमरीत पत्र पाठवलं. मूळ कृतीला हात लावणारे तुम्ही कोण, असा त्याचा सूर. नवा शेवट पुढे सोडून देण्यात आला. तरी प्रयोग झाला, गाजला, आणि २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार त्यालाच मिळाला.

बघा, 'हात लावू नका' ही आरोळी तिकडेही उठते. फरक एवढाच की तिकडे प्रश्न विचारणारे काळे लेखक, नट, समीक्षक त्याच मैदानात उभे आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईसना पत्र लिहिलं, १९७२ साली पँथरने नाव तिकडून घेतलं. मग हा धडाही घ्यायला हरकत काय?

सिंधूचे अश्रू आणि चिमूरच्या बाया

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ चं. सुधाकर वकील दारूत बुडतो. सिंधू दळण दळते, उपाशी राहते, मारामारीत लेकरू जातं, आणि मरतामरताही ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं, हे शंभर वर्षं लिहिलं जातं. आजही प्रयोग झाला की 'सिंधूचा सोशिकपणा किती हृदयस्पर्शी' असं लिहून समीक्षक मोकळा होतो.

आमच्या जिल्ह्यात हे नाटक वेगळं दिसतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांनी लढून घेतली आहे. चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरला अधिवेशनावर धडकल्या. २०१५ मध्ये जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी बरी की वाईट यावर वाद होऊ शकतो. पण दारुड्याच्या बायकोने काय करावं याचं उत्तर त्या बायांनी नागपूरच्या रस्त्यावर दिलं. त्यांनी जात्यावर बसून प्राण सोडला नाही. ज्या समीक्षकाला सिंधूच्या अश्रूंची सगळी पदं पाठ आहेत आणि या बाया ठाऊक नाहीत, त्याने 'एकच प्याला' आज कसं करावं यावर आम्हाला शिकवू नये. आणि उद्या कोणी सिंधूला उंबरा ओलांडायला लावलं, तर 'मूळ संहितेची मोडतोड' म्हणून बोंब मारणाऱ्या चाहत्यांपुढे आपण उभं राहायला हवं.

आता आपल्या अंगणात

इथवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी आता जरा थांबावं. झाडीपट्टीबद्दल आपण काय करतो?

शहरी समीक्षक झाडीपट्टीला हसतो: प्रॉम्प्टर ऐकू येतो, तालीम नाही, अभिनय भडक. २०२३ साली परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा हेच लोक चार दिवस कौतुकाने बोलले आणि पुन्हा गप्प झाले. इकडे झाडीपट्टीच्या चाहत्यांना टीकेचा एक शब्द चालत नाही. 'ही हजारोंना जगवणारी रंगभूमी आहे, बोलू नका.' रंगभूमी पोट भरते हे खरंच आहे. पण पोट भरतं म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हा नियम तर गावच्या मालगुजाराचा होता.

आणि तिसरे आपण. आपल्यातला शिकलेला कार्यकर्ता म्हणतो, तिथे अंधश्रद्धा असते, मधेच नाच घुसवतात, आपण कशाला जायचं? विचारा त्याला: शेवटचं नाटक पूर्ण रात्र बसून कधी पाहिलं? तबल्यावर कोण होतं? गाणी कोणी लिहिली? आपल्याच वस्तीतला पोरगा ऑर्गनवर बसलेला असतो आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं. त्याच शामियान्यात हुंडा, विधवाविवाह, शेतकऱ्याची आत्महत्या, नक्षल आणि पोलिसांमध्ये सापडलेला आदिवासी, असले विषय येतात. कधी चांगले येतात, कधी रडकथा होतात, कधी शेवटी सगळं पाटलाच्या हृदयपरिवर्तनावर सुटतं. यातलं चांगलं काय आणि खोटं काय, हे सांगणार कोण? पुण्याचा समीक्षक येणार नाही. चाहता बोलणार नाही. मग आपणच ना?

मंच सोडून देणं ही आपली परंपरा नाही. जोतीबांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि १९७९ पर्यंत ते छापलंही गेलं नाही. म्हणजे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली येण्याच्या पंचवीस वर्षं आधी शूद्राचं, भटाला प्रश्न विचारणारं नाटक लिहून तयार होतं. पुनरुज्जीवनाच्या यादीत ते कधी दिसलं का? सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे हीदेखील संगीत रंगभूमीच होती. तिच्या शतकाचे सोहळे कोणी केले?

तर करायचं काय?

येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यातून दोघा-तिघांनी किमान पाच नाटकं पूर्ण पाहावीत, सावली, मूल, ब्रह्मपुरी, कुरखेडा, आरमोरी, जिथे असाल तिथे. पाहून लिहावं. आवाज, तालीम, प्रकाश यावरही लिहावं, कारण कला कच्ची असेल तर विचारही कच्चा पोचतो. पण त्यासोबत विचारावं: नाटकात आपला माणूस कोण आहे? नोकर, विनोदी दारुडा, की कथा पुढे नेणारा? आदिवासी बाई बोलते की फक्त नाचते? रात्रभर काम करून पहाटे गाडीने परतणाऱ्या नटीला मानधन किती आणि सुरक्षितता किती? लेखकाशी बोलावं, निर्मात्याशी भांडावं, आणि चांगलं केलं तर मोकळेपणाने पाठ थोपटावी.

दुसरं. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी आपण लाखांनी जमतो, भाषणं ऐकतो, पुस्तकं घेतो. त्याच सोहळ्यात एका रात्री 'तृतीय रत्न' का होऊ नये? झाडीपट्टीच्या नटांकडून, झाडीबोलीत, ऑर्गन-तबल्यासह. जोशीबुवाने कुणब्याच्या गरोदर बायकोला लुबाडलं ती गोष्ट आमच्या गावात अजून जुनी झालेली नाही.

ते नाटक झालं की आम्ही परीक्षण लिहू, आणि त्यात 'पुनरुज्जीवन' हा शब्द नसेल. जे नाटक कधी उभंच राहू दिलं नाही, त्याचा तो पहिला न्याय असेल.

जय भीम! जय जोती!