जुनीं सचित्र पुस्तकें

"जुनें तें सोनें" ही म्हण सर्वांच्या तोंडीं असते. परंतु पुस्तकांची गोष्ट निघाली कीं आपण ती सोईस्करपणें विसरतों. दुसऱ्याच्या हातांतून आलेलें पुस्तक मुलास देणें कित्येक पालकांना कमीपणाचें वाटतें, आणि तें चित्रांचें असेल तर "त्यांत वाचावयाचें तें काय?" हा प्रश्न ठरलेला! या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असें माझें मत आहे.

अक्षरओळख होण्यापूर्वीं मूल चित्र वाचूं लागतें. कोण रागावलें, कोण हसलें, पुढें काय होणार, हें तें स्वतःच ताडतें. वाचनाचा खरा ओनामा हाच होय. पण चांगलीं चित्रमय पुस्तकें सदैव नवीं मिळतातच असें नाहीं. मॉस्कोहून मराठींत छापून येणारीं रंगीत बालपुस्तकें, १९९१ सालीं सोव्हिएत संघ लयास गेल्यावर, येईनाशीं झालीं. 'चांदोबा'चे किंवा १९७१ सालीं सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने छापील अंक हातीं घ्यावयाचे, तर जुन्या बाजाराचीच वाट धरावी लागते.

थोरांच्या पुस्तकांचीही तीच कथा. चित्रकार धुरंधर यांनीं १९१२ सालच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठीं मुंबईचें लोकजीवन रेखाटलें. तें शहर आतां त्या पानांतच उरलें आहे. १९४७ सालीं मुंबईंत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांनीं प्रोग्रेसिव्ह ग्रुप स्थापिला. त्यांपैकीं कित्येकांच्या मूळ चित्रांस आज कोट्यवधि रुपये पडतात. पण आधुनिक चित्रकारांवरील एखादी जुनी सचित्र पुस्तिका विद्यार्थ्याच्या खाऊच्या पैशांतही येऊं शकते. "हीं चित्रें आम्हांस कळत नाहींत," असें म्हणणाऱ्यानें ती महिनाभर घरांत ठेवावी व रोज एक पान उघडावें.

मात्र खरेदी डोळसपणें करावी. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईंत एका पदपथावर पाश्चात्य चित्रकलेवरील एक जाड ग्रंथ मीं पुष्कळ घासाघीस करून घेतला आणि विजयी मुद्रेनें घरीं आलों. चित्रसूची ताडून पाहतों, तों अकरा चित्रें नाहींशीं! शिवणीजवळ पात्यानें कापल्याच्या सरळ रेघा तेवढ्या दिसत होत्या. चौकटींत घालून विकण्यासाठीं कोणी तीं काढून घेतलीं असावींत. त्याहून वाईट म्हणजे, शेवटच्या पानावर एका ग्रंथालयाचा शिक्का होता आणि 'रद्द' अशी नोंद कोठेंही नव्हती. ज्या सौद्याचा मला अभिमान वाटला, तो चोरीच्या मालाचा सौदा होता! दुसऱ्या दिवशीं ग्रंथ परत नेऊन दिला. ग्रंथपालांनीं नोंदवही उघडून "गहाळ" हा शेरा खोडला. परंतु त्या अकरा चित्रांचें काय?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुस्तक घेण्यापूर्वीं चित्रसूचीशीं चित्रें ताडून पाहा. जुन्या ग्रंथांत रंगीत चित्रें पुष्कळदा निराळ्या गुळगुळीत कागदावर छापून आंत चिकटवीत. त्यामुळें तीं सहज सुटतात. रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसले आहेत ना, कसर लागली नाहीं ना, हें पाहा. पानांच्या कडेचे तांबूस डाग चित्रापर्यंत पोंचले नसतील तर त्यांची फिकीर नको. पण ग्रंथालयाचा शिक्का दिसला व 'रद्द'ची नोंद नसली, तर पुस्तक फुकट मिळालें तरी घेऊं नका.

कोणी म्हणेल, सगळेच जुनीं पुस्तकें घेऊं लागले तर आजच्या चित्रकारानें काय खावें? आक्षेप रास्त आहे. जें नवें मिळतें तें ऐपतीप्रमाणें नवेंच घ्यावें. जें छापावयाचें थांबलें, तें जुन्या बाजारांतून वांचवावें. आणि आपलीं बाळपणींचीं पुस्तकें रद्दीच्या तराजूंत न घालतां धाकट्या भावंडांस किंवा शेजारच्या मुलास द्यावीं. पहिल्या पानावर आपलें नांव असूं द्या. त्याखालीं दुसऱ्याचें नांव लिहिलें गेलें, म्हणजे पुस्तक जुनें झालें नाहीं, वाढलें असें समजा.