घर, घाट आणि हप्ता

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास भूगावातल्या आमच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं, की पौड रस्त्यावर दोन प्रकारची गर्दी दिसते. पहिली गर्दी ताम्हिणीकडे निघालेली असते. गाडीच्या टपावर बांधलेले तंबू, दुचाकीला लटकवलेल्या पाठपिशव्या, काचेतून बाहेर आलेले हात. दुसरी गर्दी भूगाव, भुकूम, पिरंगुटच्या नव्या इमारतींमधले ‘सँपल फ्लॅट’ पाहायला आलेली असते. तिच्यात नवरा, बायको, मागच्या सीटवर सासू-सासरे आणि हातात माहितीपत्रक. वय दोन्हीकडे सारखंच, पंचवीस ते पस्तीस. बहुतेकांचा पगारही हिंजवडीच्याच कुठल्या ना कुठल्या इमारतीतून निघणारा. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावंही याच मुळशी तालुक्यातली, हे पुण्याच्या लोकांना अनेकदा आठवत नाही.

मी सदतीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्जविभागात. त्यामुळे दुसऱ्या गर्दीतल्या माणसांची कागदपत्रं मला पाठ आहेत. पहिल्या गर्दीशी मात्र माझा संबंध कधी आला नाही. तो गेल्या वर्षी आला, तो माझ्या पुतणीमुळे.

पुतणी एकोणतीस वर्षांची आहे. सहा वर्षं नोकरी करून तिने साडेचार लाख रुपये बाजूला टाकले होते. एका रविवारी ती आली आणि म्हणाली, “काका, मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतेय. आधी ईशान्य भारत, मग व्हिएतनाम आणि कंबोडिया. बाबा म्हणतायत, हेच पैसे फ्लॅटच्या बुकिंगला भर. तुम्ही बँकेतले, तुम्हीच त्यांना समजावा.” दादाचा फोन आधीच येऊन गेला होता. त्याचंही म्हणणं तेच होतं, “तू बँकेतला, तूच तिला समजाव.”

अशा प्रसंगी आमच्या पिढीचं उत्तर तयार असतं. ‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आपण आज्ञेसारखी वापरतो. वास्तविक ती आज्ञा नव्हे, इशारा आहे. घर बांधताना माणसाची कशी दमछाक होते ते करूनच कळतं, एवढंच ती सांगते. आपण मात्र इशाऱ्याचा उपदेश केला आणि उपदेशाचं चारित्र्य केलं. घर घेणारा तो जबाबदार आणि फिरणारा तो उधळ्या.

चारित्र्य बाजूला ठेवून आधी हिशेब मांडू. साठ लाखांचा फ्लॅट धरा. या किमतीच्या घराला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे ४८ लाख. वरचे बारा लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे शिवाय वेगळे, त्यांना कर्ज नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता होतो ४१,६५५ रुपये. वीस वर्षांत एकूण भरणा जवळजवळ एक कोटी. हा आकडा जाहिरातीत नसला तरी कॅल्क्युलेटर असलेला कोणीही काढू शकतो. न दिसणारा आकडा पुढेच आहे. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले, म्हणजे पंचवीस लाख रुपये दिले, की मुद्दलातून कमी होतात फक्त पाच लाख सत्तर हजार. बाकीचं व्याज. पस्तिशीचा जोडपी कर्जदार पाच वर्षांनी उताऱ्यावरची बाकी पाहून “साहेब, काहीतरी चूक आहे” म्हणत माझ्या टेबलाशी यायचा. चूक काहीच नसायची.

त्यात व्याजदर फिरता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहावर गेला. २०२२ च्या सुरुवातीला सात टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलेल्याचा हप्ता लाखाला ७७५ रुपये होता. दर साडेनऊ झाल्यावर तोच हप्ता ठेवला असता तर तो जवळजवळ सगळाच व्याजात गेला असता, मुद्दल जागचं हललं नसतं. कुणाचा हप्ता वाढला, कुणाची मुदत निवृत्तीपलीकडे गेली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की असा बदल करताना ग्राहकाला नीट कळवा आणि पर्याय द्या. २०२५ मध्ये रेपो पुन्हा सव्वापाचपर्यंत उतरला, म्हणून आज जाहिराती पुन्हा रंगीत झाल्या आहेत. पण वीस वर्षांत असे चढउतार किती येतील, हे कर्ज देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी देत होतो, मला ठाऊक नव्हतं.

आणि हप्ता ज्या पगारातून जायचा त्याचं काय? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आमच्या पिढीने वीस वर्षांचं कर्ज काढलं ते तीस वर्षांच्या नोकरीच्या भरवशावर. आज कर्ज वीस वर्षांचंच राहिलं, नोकरी मात्र तेवढी लांब उरलेली नाही. सरकारनेही हात आखडता घेतला आहे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळायची. मार्च महिन्यात त्या दाखल्यासाठी आमच्या शाखेत रांग लागे. नव्या प्रणालीत ती वजावट नाही. ‘कर वाचतो म्हणून घर घ्या’ हा वडिलांचा हुकमी एक्का त्यामुळे बाद झाला.

मग फिरावंच का? दुसरी बाजूही मांडतो. पुतणीचे साडेचार लाख सात टक्क्यांनी ठेवले तर बारा वर्षांत दहा लाख होतात. म्हणजे सहा महिन्यांच्या या प्रवासाची किंमत साडेचार नसून दहा लाख आहे. ती प्रवासाला जाईल त्या काळात घरंही तिची वाट पाहत थांबणार नाहीत. आणि घर हे नुसत्या भावनेचं प्रकरण नाही, याचा पुरावा मी स्वतः आहे.

माझं कोथरूडमधलं घर मी १९९३ साली घेतलं. बाहेर व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, आम्हाला कर्मचारी म्हणून सवलत, तरी पगाराचा तिसरा हिस्सा जायचा. बँक अधिकाऱ्याला चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्यासाठी रजा प्रवास सवलत असते, तिला आम्ही एलएफसी म्हणतो. मी बहुतेक वेळा कोकणातल्या गावीच गेलो, कारण तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च नव्हता. बायको दर खेपेला लडाख म्हणायची. मी म्हणायचो, हप्ते संपू देत. हप्ते २००८ मध्ये संपले. मग मुलाचं शिक्षण, मग आईचं आजारपण. लडाखला आम्ही गेलो ते मी एकसष्टाव्या वर्षी. लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. डॉक्टरांनी प्राणवायू लावला आणि चार दिवस खोलीत झोपून राहायला सांगितलं. पाचव्या दिवशी आम्ही परतलो. खिडकीतून एक डोंगर दिसायचा, त्याचं नाव आम्ही विचारलंसुद्धा नाही. बायको त्यावरून मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ज्यासाठी हे सगळं केलं ते घर आज उभं नाही. आमची इमारत पुनर्विकासात गेली, २०२३ मध्ये पाडली. म्हणून सहासष्टाव्या वर्षी मी भूगावात भाडेकरू आहे. पण इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. भाडं बिल्डर भरतो आणि नवं घर जुन्यापेक्षा मोठं मिळणार आहे. तीस वर्षं त्याच गल्लीत भाड्याने राहिलेल्या माझ्या मित्राला पुनर्विकासाने दिली ती फक्त नोटीस.

घर आणि प्रवास एकाच हप्त्यात बसवण्याचा मोठा प्रयोगही याच तालुक्यात झाला. राज्य सरकारने १९९६ मध्ये खासगी गिरिस्थानांचे नियम केले आणि पुढे मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठावर लवासा उभं राहू लागलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली. पण मधल्या काळात पैशाचा ओघ आटला तो आटलाच. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं, २०२३ च्या जुलैत एका योजनेला न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली, तरी प्रश्न मिटला नाही. तिथे पैसे गुंतवलेल्या कितीतरी जणांची ना सहल झाली ना घर. रेरा कायदा २०१६ चा, मे २०१७ पासून तो पूर्ण लागू झाला. त्याने नोंदणीची आणि हिशेबाची शिस्त आणली हे खरं, पण अडकलेला पैसा वेळेवर परत आणायला कायद्यालाही वेळच लागतो.

याच्याही आधीचं सांगायचं, तर घर ‘कायमचं’ असतं यावर मुळशीच्या माणसाने कधी फार विश्वास ठेवू नये. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथले मावळे ‘जान किंवा जमीन’ म्हणत टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली आणि ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात मुंबईसाठी वीज करू लागलं.

पाणी जिथे उतरतं त्या रायगड जिल्ह्यातलाच एक प्रवासी मला या वादात नेहमी आठवतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळल्यावर काकांना बरोबर घेऊन ते निघाले. वय तिशीचं आणि साल १८५७! पुढचं सर्वांना माहीत आहे. बंडात सापडले, झाशीत अडकले, जवळचे पैसे लुटले गेले. परतले तेव्हा कर्ज फेडायला पैसे नव्हते, आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड होती. आमच्या कर्जविभागाच्या भाषेत हा प्रकल्प साफ बुडीत. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. गोडसे भटजी घर सोडून फिरायला निघाले नव्हते, घरासाठीच निघाले होते, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

पुतणी येऊन गेली त्याच महिन्यात तिच्या कंपनीतला एक मुलगा माझ्याकडे आला. तिनेच पाठवला होता. लातूरकडचा, बत्तीस वर्षांचा. वडील शेतमजूर, गावात पत्र्याचं घर, दोन बहिणींची लग्नं यानेच केलेली. माणमध्ये चौघांत एक फ्लॅट भाड्याने. त्याला कर्जाचा अर्ज तपासून हवा होता. मी सहज विचारलं, “कुठे फिरायला गेलास की नाही?” तो हसला. म्हणाला, “सर, मी लातूरहून पुण्याला आलो, तोच माझा प्रवास. आईला एकदा स्वतःच्या बाथरूममध्ये आंघोळ करताना पाहायचंय.”

तेव्हा मला कळलं की आम्ही प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला होता. घर की प्रवास, हे वयावरून किंवा स्वभावावरून ठरत नाही. पाठीशी छप्पर आहे की नाही, यावरून ठरतं. ‘तरुणपणी जग पाहा’ असं सांगणारे लेख मी वाचतो. ते लिहिणाऱ्यांच्या वडिलांचा डेक्कनवर किंवा पार्ल्यात फ्लॅट असतो. तो त्यांनी लिहावा असं नाही, पण विसरू नये. माझ्या पुतणीच्या मागे कोथरूडमधलं आईवडिलांचं घर आहे. ती सहा महिन्यांनी रिकाम्या हाताने परतली तरी रस्त्यावर येणार नाही. तिने थांबण्यात जबाबदारी कसली, नुसतं भय आहे, आणि तेही तिचं नाही, दादाचं. या मुलाला ‘आयुष्य जग’ असा सल्ला देणं म्हणजे त्याच्या आईच्या बाथरूमवर स्वतःच्या हौशीने बोळा फिरवणं.

मात्र एक गोष्ट दोघांनाही लागू होते. पगारदाराचं कर्ज साधारण साठीपर्यंत फेडायचं असतं. अडतिसाव्या वर्षी घेतलं तरी बावीस वर्षं मिळतात. बँक थांबते. फुप्फुसं आणि गुडघे थांबत नाहीत.

मुलाचा अर्ज मी तपासला. वीस वर्षांऐवजी पंधरा वर्षांची मुदत सुचवली. हप्ता महिना साडेपाच हजारांनी वाढतो, पण एकूण भरण्यात पंधरा लाख वाचतात. आधी सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत ठेव, मगच सही कर, असंही सांगितलं. मोठा फ्लॅट सोडून त्याने लहान धरला, त्यामुळे हे जमलं. इमारतीचा रेरा क्रमांक आम्ही दोघांनी बसून तपासला. ताबा पुढच्या वर्षी आहे.

दादाला मी फोन केला. म्हटलं, तिला जाऊ दे, आणि परत आल्यावर सहा महिने तिच्याकडून घरखर्च मागू नकोस, तेवढंच तुझं काम. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुझं घर पाडलंय ना, म्हणून तुला असं सुचतंय.”

पुतणी गेली. मेघालयातून तिने तिच्या काकूला झाडांच्या मुळांच्या पुलाचा फोटो पाठवला. खाली उतरायला हजारो पायऱ्या आहेत म्हणे. बायकोने चष्मा लावून तो फोटो मोठा करून करून पाहिला, मग पायऱ्या मोजता येतात का ते पाहू लागली. दादाचा फोन अजून आलेला नाही.