आकाश निरभ्र, तरी रस्ता निसरडा! श्रीनगरमध्ये सकाळी ऑफिस गाठणे एवढे अवघड का?

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून 'चिल्लई कलां' म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस सुरू होतात. बर्फवृष्टीचे व्हिडिओ व्हायरल होतात. श्रीनगरच्या नोकरदाराला मात्र खरी धास्ती असते ती बर्फ न पडलेल्या सकाळची.

होते असे, की दिवसा उन्हाने वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते. रात्री ढगांचे पांघरूण नसले, की जमिनीतली उष्णता झपाट्याने निघून जाते. पारा शून्याखाली उतरतो आणि त्याच पाण्याचा काचेसारखा पातळ थर गोठतो. हाच 'ब्लॅक आइस'. तो पारदर्शक असल्याने खालचे डांबरच दिसते. दुचाकीस्वाराला कळते ते ब्रेक दाबल्यावर! पुलांवर धोका जास्त, कारण तिथे थंड हवा खालूनही लागते.

मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. उणे पाच-सहा अंशांत हा उपाय चालतो. पण मीठ काय किंवा मशीन काय, आधी पोहोचणार मुख्य रस्त्यावर. घरापासून बसथांब्यापर्यंतच्या गल्लीचे काय?

शाळांना हिवाळी सुट्टी असते, ऑफिसला नसते. घरी नळ गोठलेला, बाहेर गल्ली गोठलेली आणि लेटमार्क मात्र कर्मचाऱ्याच्या नावावर. हा कुठला न्याय? या ४० दिवसांत हजेरीची वेळ तासभर पुढे नेली, तर तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. ऊन वर आले, की तो थर आपोआप सुटू लागतो.