दोरी ओढण्याआधी...

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण आपल्या रीडिंग रूमचे काका मॅगझिनमध्ये आधी मराठी विभाग उघडतात. आणि त्यांची एक माफी मागायची राहिली आहे.

विषय आहे ब्लाइंड्स. हसू नका! रीडिंग रूमच्या पश्चिमेच्या खिडक्यांवरचे ते ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पडदे आठवतायत? एक तिरका लटकलेला, एक अर्ध्यावर अडकलेला आणि एक कायमचा बंद. उन्हाळी सबमिशनच्या दिवसांत चारनंतर ऊन थेट जर्नलवर येतं. मग सगळी गर्दी त्या बंदवाल्याखाली, आणि तिथे भर दिवसा ट्यूबलाइट! इलेक्ट्रिकलवाल्यांनो, बघताय ना?

मागच्या सेमला काकांच्या टेबलाजवळचा एक ब्लाइंड तेवढा धड चालत होता. तो मी मोडला. पट्ट्या फिरवायची दांडी जाम वाटली, म्हणून सरळ हाताने पट्ट्या दाबल्या. 'टक्' असा आवाज आला. मी इकडेतिकडे बघितलं आणि पुस्तक उचलून सटकले. दुसऱ्या दिवशी काकांनी काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. कोणाला काही विचारलं नाही, कोणावर चिडलेही नाहीत. ते वर्तमानपत्र मला महिनाभर टोचत राहिलं.

शेवटी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मोडलंस तर मोडलंस. आता उघडून तरी बघ." वॉर्डन मॅडमची परवानगी काढली, मेकॅनिकलच्या मैत्रिणीला धरून आणलं आणि रविवारी ब्लाइंड खाली उतरवला.

वरच्या पेटीत काय निघालं असेल? वर्म गिअर! दांडी फिरवली की वर्म फिरतो, तो चाक फिरवतो, चाक आडवा रॉड फिरवतं आणि रॉडवरच्या दोऱ्यांच्या शिड्या पट्ट्या कलवतात. आता व्हायव्हातला प्रश्न आठवा. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक सहसा वर्मला उलटं फिरवू शकत नाही. सेल्फ-लॉकिंग! म्हणूनच सोडलेल्या कोनात पट्ट्या तशाच राहतात, आणि म्हणूनच हाताने दाबल्या की प्लास्टिकचे दात तुटतात. याच उत्तराला मला पूर्ण मार्क मिळाले होते. ते यंत्र दोन वर्षं माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि मी ओळखलं नाही. यापेक्षा केटी लागलेली बरी.

वर-खाली करायच्या दोरीचंही तसंच. तिच्या कुलपात दोरी चिमटीत धरली जाते आणि पडद्याच्या वजनानेच ती चिमटी घट्ट होते. सरळ खाली खेचत राहिलं तर सुटत नाही. थोडी खाली ओढून खिडकीच्या मध्याकडे न्यायची, मग हळूहळू सैल सोडायची. पडदा तिरका जात असेल तर दोऱ्यांची लांबी कमी-जास्त झालेली असते. खालच्या पट्टीतली गाठ सोडून पुन्हा बांधली की झालं. आणि तेल अजिबात घालू नका. आपल्याकडे चार महिने पाऊस, खाडीचा दमटपणा आणि उरलेले दिवस हायवेची धूळ. तेलावर ती धूळ बसून चिखल होतो. कोरडा ब्रश, पुसायला फडकं आणि लागलाच तर सिलिकॉनचा स्प्रे. आमचं तुटलेलं चाक स्टोअरमधल्या एका भंगार ब्लाइंडमधून मिळालं.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कायमचे बंद ठेवा की! पण पनवेल साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरअखेर दुपारीही तो दक्षिणेला जेमतेम 48 अंश वर येतो. ऊन जागा बदलतं, म्हणून पट्ट्याही बदलता आल्या पाहिजेत. पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमात 'गोलकोंड' नावाचं वसतिगृह आहे. अँटोनिन रेमंड या आर्किटेक्टने 1930 च्या दशकात त्याचं डिझाइन केलं. त्याला बाहेरच्या बाजूने आडव्या झडपा आहेत, हाताने हव्या तशा फिरवता येणाऱ्या. ऊन आत येण्याआधीच अडतं आणि वारा मात्र येतो. तेही हॉस्टेलच, बरं का! आणि त्याची निगा नावाजलेली आहे.

स्टाफची अडचण मला कळते. उद्या कोणीही उठून स्क्रूड्रायव्हर घेऊन निघालं तर नुकसान वाढेल, शिडीवरून कोणी पडलं तर जबाबदारी त्यांची. 'हात लावू नये' ही पाटी उगाच लागलेली नाही. पण त्या पाटीमुळे होतं काय, की आम्ही हात लावतोच, फक्त चोरून लावतो आणि मोडल्यावर गप्प बसतो.

म्हणून एवढंच सुचवते. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण लोखंडाची पट्टी तासन् तास घासतो, जॉब सबमिट होतो आणि भंगारात जातो. त्यातला एक जॉब कॉलेजमधली मोडकी वस्तू दुरुस्त करण्याचा असू दे. सोबत इन्स्ट्रक्टर, शिडी धरायला दोघं, आणि मोडलं तर सांगायची मुभा, दंडाशिवाय. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

काकांच्या टेबलाजवळचं वर्तमानपत्र आता निघालंय. बाकीचे तीन ब्लाइंड्स अजून तसेच आहेत. रविवारी सकाळी आम्ही दोघी तिथे असतो. येताना जुना टूथब्रश आणा.