कॉफीतली भुकटी आणि कशेळ्याची अळंबी

मशरूम कॉफी घ्यावी का, असं विचारणारे वाचक गेल्या काही महिन्यांत वाढले आहेत. बहुतेक जण मुंबई-पुण्याचे, तिशी-चाळिशीतले, कामाच्या ताणाने झोप उडालेले. पाकिटावर स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती, उत्साह, मनःशांती असं सगळं एका घोटात मिळण्याचं आश्वासन असतं आणि किंमत हजार रुपयांच्या घरात जाते. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. प्रकृती ठणठणीत असेल, खिशाला परवडत असेल आणि चव आवडत असेल तर खुशाल प्या. पण औषध समजून पिऊ नका. हे उत्तर मी कशाच्या आधारावर देतो ते सांगायलाच हवं. आणि अळंबीचा विषय निघालाच आहे, तर कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याकडे गेल्याशिवाय तो पुरा होत नाही.

या कॉफीत साध्या कॉफीबरोबर सुकवलेल्या किंवा उकळून अर्क काढलेल्या अळंबीची भुकटी असते. लायन्स मेन, रेशी, चागा आणि कॉर्डिसेप्स ही नावं बहुतेक पाकिटांवर सापडतात. चीन-जपानात रेशीचा काढा शतकानुशतकं चालत आला आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा फिनलंडमधले लोक भूर्जवृक्षावर वाढणारा चागा उकळून पीत. २०१२ मध्ये फिनलंडच्याच काही तरुणांनी फोर सिग्मॅटिक ही कंपनी काढली आणि अळंबीची कॉफी अमेरिकेच्या बाजारात नेली. तिथून ती लाट आपल्याकडे आली.

आता पुराव्याचं बोलू. लायन्स मेनबद्दल ज्या अभ्यासाचा दाखला सर्वाधिक दिला जातो, तो जपानमधला २००९ सालचा आहे. विस्मरणाची सौम्य तक्रार असलेले ५० ते ८० वयाचे ३० जण त्यात होते. निम्म्यांना रोज सुमारे ३ ग्रॅम भुकटीच्या गोळ्या १६ आठवडे दिल्या, उरलेल्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या. गोळ्या घेणाऱ्यांचे चाचणीतले गुण वाढले, हे खरं. गोळ्या थांबल्यावर चार आठवड्यांत ते घसरू लागले, हेही खरं. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४१ निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात १.८ ग्रॅमच्या मात्रेनंतर तासाभराने एका चाचणीतला वेग थोडा वाढलेला दिसला. बाकीच्या बहुतेक मोजमापांत ठोस फरक पडला नाही. तीस माणसं आणि एकेचाळीस माणसं. पुढे मोठा अभ्यास करावा असं वाटायला लावणारी ही माहिती आहे, पण आईवडिलांच्या विसरभोळेपणावर उपाय म्हणून पाकीट आणावं, एवढं बळ तिच्यात नाही.

मात्रेचा हिशेब तर आणखी सरळ आहे. कपामागे २५० ते ५०० मिलिग्रॅम भुकटी, असा आकडा पाकिटांवर सर्रास दिसतो. म्हणजे त्या जपानी अभ्यासातली मात्रा गाठायला दिवसाला किमान सहा कप कॉफी प्यावी लागेल. कित्येक पाकिटांवर तर कुठली अळंबी किती, हे लिहिलेलंच नसतं. नुसतं ‘मिश्रण’ म्हणून भागवलेलं असतं. अशा पाकिटाला माझ्या मते घरात जागा नाही.

रेशीचं नाव कर्करोगाच्या संदर्भात घेतलं जातं, म्हणून तिथे जास्त जपून बोलायला हवं. वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने रेशीवरचे अभ्यास तपासले. कर्करोगावर पहिला उपचार म्हणून ती वापरण्याइतका पुरावा नाही, असा संस्थेचा निष्कर्ष होता. हृदयविकाराचा धोका कमी करण्याबाबतही २०१५ च्या आढाव्यात आधार सापडला नाही. जपानमध्ये टर्की टेल या अळंबीपासून काढलेलं क्रेस्टिन हे औषध १९७७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना दिलं गेलं, पण ते शुद्ध केलेलं, मोजून-मापून दिलेलं औषध होतं आणि डॉक्टर ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला देत. त्याचा पुरावा कॉफीच्या चमच्याला लावता येत नाही. भुकटी खरी किती, हा वेगळाच प्रश्न. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ पूरक आहारांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिलेल्या अळंबीशी जुळणारे त्यातले फक्त पाच निघाले. धान्यावर वाढवलेलं बुरशीचं जाळं धान्यासकट दळून विकण्याची पद्धत आहे, आणि त्यात पिष्टाचा वाटा मोठा असतो.

अपायही लक्षात ठेवा. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका यकृत-कर्करोगाच्या रुग्ण महिलेने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची भुकटी घेतली आणि तिची मूत्रपिंडं निकामी झाली. २०१४ मध्ये ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. कारण होतं चागामधलं ऑक्झलेट. मुतखड्याची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यांनी चागापासून लांबच राहावं. रक्त पातळ ठेवण्याची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नका.

तरीही अनेकांना या कॉफीने बरं वाटतं आणि त्यांचा अनुभव मी खोटा मानत नाही. छातीत धडधड होत नाही, रात्री झोप लागते, असं ते सांगतात. त्याचं कारण बहुधा अगदी साधं आहे. काही जागा भुकटीने घेतली की कपातली कॉफी कमी होते आणि कॅफिनही उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असं म्हटलं आहे. गाळून केलेल्या कॉफीच्या १५० मिलिलिटरच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असंही त्याच सूचनांत आहे, कारण अन्नातलं लोह त्यामुळे नीट शोषलं जात नाही. कॉफी अर्धी करायला पैसे पडत नाहीत.

आता कशेळं. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजारगाव. इथूनच कोथळीगडाच्या पायथ्याच्या आंबिवलीकडे फाटा जातो आणि पुढे भीमाशंकरचे डोंगर उभे राहतात. आसपासच्या वाड्यांमध्ये ठाकूर आणि कातकरी राहतात. पाऊस इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि पहिल्या सरींबरोबर रान खायला देऊ लागतं. आधी शेवळं, त्यांची खाज मारायला लागणारी काकडं, मग टाकळा, भारंगी, कुरडू, आणि पाऊस मुरला की अळंबी. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्य बँका, गावठी भाताची बियाणी आणि वनौषधींबरोबर या रानातल्या अन्नाचंही मोल ओळखलं आणि त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आहारशास्त्र शिकलेल्या माझ्यासारख्यांनी या कामाकडे फार उशिरा पाहिलं, याची मला खंत आहे.

रानातली जी अळंबी लोक आवडीने खातात, तिच्यातली उत्तम जात वाळवीच्या वारुळावर उगवते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळ्याच्या लगद्याचं पोळं रचते आणि त्यावर बुरशी पोसते. बुरशी तो पाला पचनाजोगा करून देते, वाळवी तिला ऊब आणि ओल देते. श्रावणाच्या सुमारास त्या पोळ्यातून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि छत्री उघडते. ही अळंबी अजून कुणालाही शेतात पिकवता आलेली नाही, कारण वाळवीवाचून ती वाढत नाही. गोव्यात तिला रोणाची ओळमी म्हणतात. तिथे मूठभर जुडीला शेकडो रुपये मोजणारे लोक आहेत. गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीवर अनेक वर्षं संशोधन केलं आणि ती ओरबाडू नका म्हणून लोकांना सातत्याने सांगितलं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरीच्या देवळात वारूळच देवी म्हणून पुजलं जातं. नागपंचमीला आपल्याकडेही वारूळ पुजतात. कर्जत-खालापुरात मात्र प्लॉट पाडताना जेसीबीच्या फाळाखाली पहिलं जातं ते वारूळ. फार्महाऊसच्या हिरवळीसाठी जमीन सपाट झाली की तिथली अळंबी कायमची गेली, कारण बुरशी आणि वाळवी यांचं ते घर पुन्हा बसायला वर्षं लागतात. सुट्टीला कर्जतला येऊन मशरूम कॉफी पिणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगतो आहे.

रानातली अळंबी स्वतः उपटून खाऊ नका, हे मात्र ठासून सांगतो. काही विषारी जातींचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब खाल्ल्यावर सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये चहाच्या मळ्यांतली माणसं अशीच दगावली. चांदीचं नाणं काळं पडतं का, किड्याने खाल्ली आहे का, या परीक्षा निरुपयोगी आहेत. वाडीतली म्हातारी बाई जागा, झाड, माती, देठ, वास आणि दिवस पाहून ओळखते. ती ओळख फोनवर फोटो पाहून येत नाही. शंका आली तर उलटीची वाट न पाहता, उरलेली अळंबी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पिकवायचीच असेल तर धिंगरी अळिंबी आहे, आणि कशेळ्याच्या परिसराला ती शोभून दिसते. भात झोडून झाला की पेंढा हाताशी असतोच. तो बारीक तोडून भिजवायचा, गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करायचा, निथळला की थरांमध्ये बियाणं पेरून पिशव्या बांधायच्या. अंधाऱ्या, ओलसर खोलीत पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते आणि पुढच्या आठवड्यात पहिली तोडणी. एक किलो कोरड्या पेंढ्यातून नीट निगा राखली तर पाऊण ते एक किलो ताजी अळिंबी निघते. उरलेला पेंढा खत म्हणून शेतात जातो. जमीन नसलेल्या कुटुंबालाही एका खोलीत हे करता येतं, आणि दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. अडचण दोन ठिकाणी येते: ताजं बियाणं वेळेवर मिळत नाही आणि माल दोन-तीन दिवसांत विकला गेला नाही तर नासतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरचं संशोधन केंद्र आहे, पण डोंगरपायथ्याच्या बाईला बियाण्याच्या एका पिशवीसाठी घाट चढून जाणं परवडत नाही.

धिंगरी खाऊन रक्तक्षय जाईल, असा दावा मी करणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याला लोहाच्या गोळ्या, डाळ, पालेभाज्या, अंडी आणि पुरेसं जेवणच लागतं. पण शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत सुमारे तीन ग्रॅम प्रथिनं असतात, ब गटातली काही जीवनसत्त्वं असतात, पोटाला हितकारक तंतू असतात. चिरून दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि शाकाहारी घरांत ते मिळवण्याचे मार्ग थोडेच आहेत. वाळवून भुकटी केली तर आमटीत, पिठल्यात, भाकरीच्या पिठातही ती चालते. बीटा-ग्लुकन नावाच्या ज्या घटकासाठी रेशीचं पाकीट विकलं जातं, तो धिंगरीतही आहे.

तेव्हा दोन मागण्या आणि एक विनंती. कृषी विभागाने आणि कोकण कृषी विद्यापीठाने मिळून दर हिवाळ्याच्या तोंडाशी कशेळ्यापर्यंत ताजं बियाणं पोचवावं आणि वाळवणीचं एखादं सामाईक यंत्र बसवावं. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांसाठी आदिवासी भागात चालणाऱ्या अमृत आहार योजनेत अंड्यांच्या जोडीला गावात पिकलेली धिंगरी घेण्याचा विचार व्हावा. पिकवणारीला बाजार मिळेल आणि मुलांच्या ताटात भाजी पडेल. वाचकांना विनंती एवढीच की कर्जतकडे जाल तेव्हा गावात पिकलेली धिंगरी मागा, तिचा भाव पाडू नका, आणि तिथे जमीन घेतलीच असेल तर कंपाउंडच्या आतलं वारूळ तसंच राहू द्या.