अलार्म वाजला... चला चहाला!

सकाळचे साडेअकरा. मेलचा ढीग उपसायचाय, साडेबाराला क्लायंटचा कॉल आहे आणि नेमका तेव्हाच तो सायरन कोकलायला लागतो. अॅडमिनवाल्यांची धावपळ सुरू होते, 'प्लीज, सगळ्यांनी जिन्याने खाली चला' अशी विनवणी होते आणि मग दिसतात आपल्या ओळखीचे तीन नमुने. पहिला, हेडफोन आणखी घट्ट बसवून काम करत राहणारा. दुसरा, 'दोनच मिनिटं, फाइल सेव्ह करतो' म्हणणारा. आणि तिसरा, सगळ्यांच्या आधी खाली पळणारा, कारण गेटबाहेरच्या टपरीवर गरमागरम कटिंग मिळतो! मॉक ड्रिल नावाच्या प्रकाराला आपल्या कॉर्पोरेट जगात किंमत आहे ती एवढीच. फुकटातला टी-ब्रेक.

ड्रिल संपलं की पुष्कळदा अग्निशमन दलाचे जवान खाली आवारात एक प्रात्यक्षिक दाखवतात. पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं इंधन पेटवायचं, ते लाल सिलिंडर हातात घ्यायचं आणि 'कोण पुढे येतंय?' असं विचारायचं. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक प्रात्यक्षिकात पुढचा सीन सेम टू सेम. पुढे येतात सिक्युरिटीवाले काका, हाउसकीपिंगच्या मावशी आणि पॅन्ट्रीतला पोऱ्या. एमबीए, सीए आणि इंजिनीअर मंडळी मागे उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढतात. म्हणजे अख्ख्या फ्लोअरवर आग विझवायची कशी हे हाताला माहीत असलेली माणसं दोन-तीनच आणि त्यातल्या मावशींची शिफ्ट संध्याकाळीच संपते. रात्री नऊला डेडलाइनपायी तिथे बसलेले असतो आपण. आहे ना भारी प्लॅनिंग?

एप्रिलच का?

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या दिवसांत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळा, हॉस्पिटलं, मॉल, सोसायट्या, ऑफिसं, जमेल तिथे जवान जातात. आग लागू नये म्हणून काय करायचं, लागलीच तर काय करायचं, भाजलं तर काय लावायचं हे समजावून सांगतात. या आठवड्याची तारीख आली कुठून? आपल्याच मुंबईतून. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. कापूस धुमसायला लागला. आजूबाजूच्या काही जणांनी तो धूर आधीच पाहिला होता म्हणे, पण ज्याला त्याला वाटलं, असेल काहीतरी, सांगेल कुणीतरी. बंब आले, जवान जहाजावर पाणी मारत राहिले आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे साठहून अधिक जवान होते.

हे जुनं झालं म्हणाल, तर ९ मे २०१५ आठवा. काळबादेवीतल्या गोकुळ निवास इमारतीला लागलेल्या आगीत दलाचे चार अधिकारी आपण गमावले. त्यांत मुंबईचे तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरही होते. खातेप्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता! अशा खात्याची माणसं उन्हातान्हात आपल्या दारात येऊन 'पाच मिनिटं ऐका' म्हणतात आणि आपण चहाला जातो, हे जरा विचित्रच नाही का?

ती मिनिटं कुणाची?

आपला एक लाडका गैरसमज आहे. आग लागली की १०१ फिरवायचा, बंब येणार, बाकी सगळं ते बघून घेतील. बंब येणार हे शंभर टक्के खरं. पण आग दिसल्यापासून बंब पोचेपर्यंतची जी मिनिटं असतात, ती दलाची नसतात. ती आपली असतात. आणि मधे मुंबईचं ट्रॅफिक असतं, गल्लीत डबल पार्किंग असतं, सोसायटीच्या गेटसमोर कुणाची तरी नवीकोरी एसयूव्ही असते. जवान शिकवायला येतात ते नेमकं याच मिनिटांसाठी. ते आले की पुढचं काम त्यांचं. ते येईपर्यंत जिवंत राहण्याचं काम आपलं.

या मिनिटांत ज्वाळांपेक्षा धूर जास्त घात करतो. २९ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटून गेलेली, लोअर परळचं कमला मिल कंपाउंड, गच्चीवरचे पब, ऐन पार्टीची वेळ. तिथे आलेली माणसं म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच, आठवड्याचं टार्गेट संपवून जरा मोकळी व्हायला आलेली. आग भराभर पसरली, अंधार झाला, बाहेरची वाट सापडेना, तेव्हा काही जण वॉशरूममध्ये शिरले. तिथे पाणी असतं, भिंती असतात, सेफ वाटतं. पण तिथून पुढे रस्ता नसतो. त्या रात्री १४ जण गेले, बहुतेक सगळे गुदमरून.

म्हणून प्रात्यक्षिकात जवान तेच तेच घोकून घेतात. धूर वर चढतो, श्वास घेण्यासारखी हवा खाली जमिनीलगत उरते. तेव्हा वाका, वेळ पडली तर रांगत निघा. ओला रुमाल नाकातोंडावर धरा, पण त्याच्या भरवशावर धुरात थांबू नका, तो विषारी वायू अडवत नाही. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघा. गरम लागलं तर उघडू नका. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जिथे असाल तिथे आडवं होऊन लोळा. आणि लिफ्ट? अजिबात नाही. वीज गेली की ती अडकते, तिची उभी पोकळी धुराने चिमणीसारखी भरते. कुठल्याही नव्या जागी गेलात, मग तो पब असो, थिएटर असो की ट्रेनिंगचं हॉटेल, आधी दुसरा दरवाजा शोधा. मेन्यूकार्ड नंतर.

दाराला टेकवलेला जीवरक्षक

आता जरा तुमच्याच ऑफिसात फेरी मारा. फायर डोअर बंद राहिलं तरच जिन्यात धूर शिरत नाही. पण ये-जा करायला कटकट नको म्हणून आपण ते उघडं ठेवतो आणि ते बंद होऊ नये म्हणून त्याला टेकू कशाचा? त्याच लाल सिलिंडरचा! एका दगडात दोन पक्षी गारद.

ते सिलिंडर वापरणं खरं तर मिक्सर चालवण्याइतकं सोपं आहे. आधी काट्याकडे बघा, तो हिरव्या पट्ट्यात हवा. मग पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नाही तर आगीच्या बुडाकडे धरा, मूठ दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. साधारण दोन-तीन मीटरवर उभे राहा, पाठ दाराकडे ठेवा. छोटं सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं, म्हणजे प्रयोग करत बसायला वेळ नाही. पहिल्यांदा पिन ओढायची ती आवारातल्या ट्रेसमोर, खऱ्या आगीसमोर नाही. कारण घाबरलेल्या हातांना पिन सापडत नाही. आणि कॉम्प्युटर, स्विचबोर्ड पेटला असेल तर पाणी नको. मेन स्विच बंद करा आणि कार्बन डायऑक्साइडचं किंवा एबीसी पावडरचं सिलिंडर वापरा. एक सिलिंडर संपूनही आग विझली नाही, तर हिरोगिरी बंद. दार ओढून घ्या आणि निघा.

उंच टॉवरमध्ये ऑफिस असेल तर रिफ्यूज एरिया बघून ठेवा. जिन्याने खाली जाता येत नसेल तर थांबायची ती मोकळी जागा, सुटका तिथूनच व्हायची असते. प्रत्यक्षात तिथे मोडक्या खुर्च्या, दिवाळीचं डेकोरेशन आणि स्मोकिंग करणारी गँग असते.

आणखी एक फंडा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला म्हणतात फॉर्म बी. ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. दलाने येऊन आपले पाइप तपासत बसावं, अशी ही व्यवस्था नाही. तुमच्या बिल्डिंगचा फॉर्म बी कधीचा आहे, हे अॅडमिनला विचारायला हरकत काय? इन्क्रिमेंट विचारण्यापेक्षा सोपं आहे!

वन बीएचके आणि चार रूममेट

ऑफिसात निदान सायरन तरी असतो. भाड्याच्या घरात काय? एका एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रिज, ओव्हन, इस्त्री आणि चार चार्जर. ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर दारापाशीच चार्जिंगला, म्हणजे पेटलीच तर बाहेरची वाट बंद. खिडक्यांना मजबूत ग्रिल, चोर आत येणार नाही आणि आपण बाहेर जाणार नाही. घरमालकाशी बोला, ग्रिलला आतून उघडणारी एक खिडकी करून घ्या. दाराची किल्ली रात्री एकाच ठरलेल्या जागी टांगा, कुणाच्या तरी पर्समध्ये नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भडका थेट छताला जातो. गॅस बंद करा, झाकण ठेवा, कढई हलवू नका. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि कुठल्याही बटणाला हात नको. एक्झॉस्ट फॅनच्याही नाही, ठिणगी तेवढ्यानेही पडते. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचून राहतो. घराबाहेर पडून १९०६ हा हेल्पलाइन नंबर लावा. आणि बंद बाथरूममधला गॅस गिझर? त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, ज्याला ना वास ना रंग. आंघोळ करताना डोकं जड झालं, गरगरलं, तर थकवा समजू नका, आधी बाहेर या. अशा गिझरला हवा खेळती हवीच; शक्यतो तो बाथरूमच्या बाहेरच बसवून घ्या.

भाजल्यावर आपल्या घराघरात एक मेडिकल कॉलेज उघडतं. कुणी टूथपेस्ट आणतं, कुणी हळद, कुणी तूप, कुणी बर्फ. यातलं काहीही नको. नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, सूज यायच्या आत अंगठी-बांगड्या काढा, फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने हलकेच झाका आणि डॉक्टरांकडे जा.

१०१ किंवा ११२ लावलात तर 'आग लागलीय, लवकर या' एवढंच ओरडून फोन ठेवू नका. पत्ता, जवळची ठळक खूण, मजला, काय पेटलंय आणि आत कुणी अडकलंय का, हे सांगा. आणि एकाने गेटवर उभं राहून बंबाला वाट दाखवा, मधल्या गाड्या हलवा. लहान काम वाटतं, पण जवानांचा वेळ वाचतो तो इथेच.

या आठवड्यासाठी एक छोटंसं टार्गेट घ्या. एका संध्याकाळी लिफ्टला टाटा करून ऑफिसच्या जिन्याने खाली उतरा. तुमच्या डेस्कपासून जिन्यापर्यंत मधे किती दारं लागतात ते मोजा, कुठलं दार कुलूपबंद आहे ते बघा आणि असेल तर दुसऱ्या दिवशी मेल टाका, सीसीमध्ये बॉसला घेऊन. धुरात डोळे उघडत नाहीत, तेव्हा हातांना फक्त मोजलेली दारं आठवतात. बाकी चहा काय, खाली पोचल्यावर टपरी तिथेच आहे. फक्त आधी एकदा पिन ओढून बघा!